शिंदीच्या जागी टॅबेबुया : आमच्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व सदस्य आणि पंचायत विकास अधिकारी,
आमची ग्रामपंचायत, बेळगाव तालुका

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या गावच्या नाल्याकाठी, जुन्या पुलापासून गायरानाच्या बांधापर्यंत ओळीने उभ्या असलेल्या शिंदीच्या २७ झाडांपैकी ९ झाडे सुशोभीकरणाच्या कामासाठी तोडण्यात आली. उरलेली १८ झाडे पावसाळ्यापूर्वी काढून त्या जागी गुलाबी टॅबेबुयाची रोपे लावण्याचे ठरले आहे, असेही समजले. मी कार्यालयात येऊन विचारणा केली, तेव्हा एका झाडामागे तीन रोपे लागणार असल्याने गावाचे नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे आपल्यालाच नव्हे, तर सर्व गावाला कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्याची कन्नड प्रतही कार्यालयात दिली आहे, कारण नाला मराठी बोलणाऱ्यांचा आहे तसाच कन्नड बोलणाऱ्यांचाही आहे, आणि आम्ही ज्या झाडाला शिंदी म्हणतो त्यालाच आमचे शेजारी ईचल म्हणतात.

या प्रकरणात माझा संबंध काय, ते आधी सांगतो. माझे भाताचे शेत या नाल्याला लागून आहे. ३१ वर्षे मी मराठी शाळेत विज्ञान शिकवले आणि दर पावसाळ्यात मुलांना घेऊन याच ओळीखाली येत असे. पुलापासून चौथ्या झाडाच्या खोडावर एकाआड एक बाजूंनी पडलेल्या जुन्या खाचा होत्या. पूर्वी रस काढणारे लोक एका वर्षी एका अंगाला आणि पुढच्या वर्षी समोरच्या अंगाला खोड तासत असत, त्यामुळे झाड वाढत जाताना नागमोडी दिसू लागते. माझे आज्जा मला खांद्यावर घेऊन त्या खाचा मोजायला लावत. एका खाचेला एक वर्ष, असा तो हिशेब होता. पुढे मी माझ्या विद्यार्थ्यांना त्याच खाचा दाखवून सांगत असे की या झाडाची जखम कधीच बुजत नाही, म्हणून त्यावर इतिहास वाचता येतो. तोडलेल्या नऊ झाडांत ते झाड आहे.

टॅबेबुयाविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. बेंगळुरूचे रस्ते उन्हाळ्याच्या तोंडावर या झाडाने गुलाबी होतात, ते मी पाहिले आहे आणि ते दृश्य सुंदरच आहे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत हे झाड मूळचे आहे. एल साल्वादोर या देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे आणि तिकडे त्याच्या लाकडालाही मान आहे. आपल्याकडच्या मेढशिंगीचे आणि पाडळीचे जे कूळ, त्याच कुळातले हे झाड. पर्णहीन फांद्यांवर आठ-पंधरा दिवस फुलांचे घोस लागतात, मग लांब शेंगा येतात आणि त्यांतले पंखधारी बी वाऱ्यावर उडून जाते. उरलेले वर्षभर ते बऱ्यापैकी सावली देते. शिंदी सावली देत नाही, तिच्या पानांच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात, आणि तिच्याखाली कोणी बाकडे टाकून बसणार नाही, हेही मी मान्य करतो. बसस्थानकाच्या रस्त्याला टॅबेबुया लावला, तर मी स्वतः रोपांना पाणी घालायला येईन.

परंतु ही दोन झाडे एकमेकांच्या जागी ठेवता येतील अशी नाहीत, आणि नेमके हेच आपल्या निर्णयात विसरले गेले आहे. टॅबेबुया हा द्विदल वनस्पतींतला वृक्ष आहे. त्याच्या सालीखाली वाढीचा जिवंत थर असतो, त्यामुळे खोड वर्षागणिक जाड होते, जखम कडेने भरून येते, फांदी छाटली तर बाजूने नवी फूट येते. शिंदी एकदल आहे, म्हणजे नारळ, पोफळ, ताड आणि भेरली माड यांच्या कुळातली. तिच्या खोडात तो थरच नसतो. तिला फांद्या नाहीत, मुख्य सोटमूळ नाही, आणि सगळी वाढ शेंड्यातल्या एका कोंबावर अवलंबून असते. तो कोंब गेला की झाड गेले. करंज किंवा कडुनिंब बुंध्यापासून तोडला तरी पुढच्या पावसात धुमारे फुटतात. शिंदीला ते शक्य नाही.

माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते. नऊ झाडे तोडली गेली त्यांत दोन अशी आहेत की ती तोडायची नव्हती, फक्त त्यांची उंची कमी करायची होती, कारण त्यांची पाने विजेच्या तारांना लागत होती. ठेकेदाराच्या माणसांनी ती दोन्ही झाडे माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आडवी कापली आणि पुन्हा फुटतील असे सांगून ते निघून गेले. ते दोन खुंट आज उभ्या उभ्या वाळून कुजत आहेत. त्या मजुरांना मी दोष देत नाही, कारण त्यांना सांगणारे कोणी नव्हते. पण ज्या कार्यालयाने कामाचा आदेश काढला, त्याने कोणते झाड कसे वाढते एवढी चौकशी करणे हे त्याचे कर्तव्य होते. वाळकी खालची पाने उतरवून घेतली असती, तर तारांचा प्रश्न एका सकाळीत मिटला असता.

दुसरी तक्रार काठाची आहे आणि ती मला सर्वांत अधिक जाचते. शिंदीच्या बुंध्यापासून दोरीच्या जाडीची असंख्य तंतुमय मुळे फुटतात आणि ती मातीत जाळे विणल्यासारखी पसरतात. पाणथळ, सखल, वर्षातून काही आठवडे पाण्याखाली जाणाऱ्या जागी ही झाडे आपोआप उगवतात. आपल्या नाल्याची जागा तशीच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मार्कंडेयला पूर आला आणि नदीचे पाणी मागे फुगून नाल्यात शिरले, ते दिवस गावात कोणीही विसरलेले नाही. त्या वेळी माझ्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथे शिंदीची ओळ सलग होती, तिथला बांध राहिला. खालच्या अंगाला ट्रॅक्टरच्या वाटेसाठी आधीच काही झाडे काढली होती, तिथे काठ खचून माझ्या भाताचा जवळपास दोन गुंठ्यांचा तुकडा पाण्यासोबत गेला. एका काठावरून नियम सिद्ध होत नाही, हे विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी जाणतो. पाण्याचा वेग, वळण, मातीचा पोत या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. तरीही ज्या काठाला मुळांनी धरून ठेवले होते, तिथली झाडे उपटून हाताएवढी रोपे लावायची आणि चार-सहा आठवड्यांत मोसमी पाऊस येऊ द्यायचा, याला नियोजन म्हणता येत नाही. टॅबेबुयाची मुळे पुढे कितीही चांगली रुजोत, येत्या जूनमध्ये ती काहीही धरून ठेवणार नाहीत. त्या काठाला लागून फक्त माझेच शेत नाही. खाली आणखी सात जणांची भातशेती आहे.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आली नसेल. शिंदीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. नराला फुलांचे तुरे येतात, फळ येत नाही. मादीला केशरी-पिवळ्या फळांचे घड लागतात आणि ती मे-जूनच्या सुमारास पिकून तपकिरी होतात. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी पडलेले जुने घडांचे देठ मी पाहिले. नऊपैकी सात झाडे मादी होती. फळे रस्त्यावर पडून चिकचिकाट होतो, माशा घोंगावतात, ही तक्रार काही लोकांनी केली होती, त्यामुळे फळ देणारी झाडेच आधी निवडली गेली असावीत. याचा परिणाम असा की उभ्या असलेल्या १८ झाडांत आता मादी फक्त पाच उरल्या आहेत. त्याही गेल्या, तर या नाल्यावर शिंदीचे बी पुन्हा पडणार नाही. कोकीळ, बुलबुल, साळुंकी आणि रात्री येणारे उदमांजर ही फळे खातात आणि बी लांबवर नेऊन टाकतात. ओळीतली निम्मी झाडे कोणी माणसाने लावलेली नाहीत, ती अशीच उगवलेली आहेत. आमच्या लहानपणी शाळेतून येताना खिशात भरून आणलेली ती पिठूळ, थोडी तुरट फळे हाच आमचा उन्हाळ्याचा खाऊ होता. गर थोडा आणि बी मोठे, तरी आम्ही त्यासाठी काटे टोचून घेत असू.

सुगरणींविषयी वेगळे सांगावे लागेल. पाण्यावर झुकलेले, काटेरी आणि साप किंवा मांजर सहज चढू शकणार नाही असे झाड या पक्ष्याला लागते. शिंदीच्या लांब पानांची टोके पाण्यावर लोंबत असतात, त्यामुळे त्याला याहून चांगली जागा या शिवारात नाही. पावसाळा सुरू झाला की पिवळ्या डोक्याचे नर गवताच्या आणि पानांच्या बारीक पट्ट्या सोलून आणतात आणि घरटी विणू लागतात. आपल्या नाल्यावरची बहुतेक घरटी झाडांच्या पूर्व अंगाला असतात, कारण पश्चिमेकडून येणारा वारा-पाऊस तिथे कमी लागतो. मुलांना हे स्वतः शोधून काढायला मी दर वर्षी सांगत असे आणि कोणी ना कोणी ते शोधून काढत असे. टॅबेबुयाच्या फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर येतील, ते चांगलेच आहे. मात्र त्याच्या फांदीवर सुगरणींची वसाहत होणार नाही, हे कबूल करावे लागेल.

पक्ष्यांनंतर माणसांकडे वळतो. आपल्या गावात शिंदीच्या पानांपासून केरसुण्या बांधणारी पाच कुटुंबे आहेत. आमच्या बोलीत जिला साळुता म्हणतात, तीच केरसुणी दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला नवी आणून, हळद-कुंकू वाहून प्रत्येक घरात पुजली जाते. ही कुटुंबे पावसाळा सरल्यावर प्रत्येक झाडाची बाहेरची काही पाने काढतात, शेंड्याला हात लावत नाहीत, पाने वाळवतात, काटे काढतात आणि दसरा ते दिवाळी या दिवसांत केरसुण्या बाजारात नेतात. त्यांतल्या एक मावशी मला म्हणाल्या की दहा पाने काढायची तर दहा झाडे फिरावी लागतात, म्हणजे कोणत्याच झाडाला त्रास होत नाही. अठरा झाडे गेली, तर त्यांना पाने विकत आणावी लागतील किंवा हे काम सोडावे लागेल. आपल्या योजनेच्या कागदावर या पाच घरांचा उल्लेख नाही. त्यांना कोणी विचारलेही नाही.

शिंदीची बदनामी जुनी आहे, हे मला माहीत आहे. शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्याले तरी लोक शिंदीच प्याला म्हणतात, अशी म्हणच आहे. या झाडाच्या रसापासून मादक पेय बनते, म्हणून कित्येक घरांत त्याचे नावसुद्धा संकोचाने घेतले जाते. परंतु रस काढणे आपल्या नाल्यावर दोन पिढ्यांपूर्वी थांबले. आज त्या ओळीखाली कोणी दारू पीत बसत असेल, तर तो बंदोबस्ताचा प्रश्न आहे आणि त्यासाठी झाड तोडणे हा उपाय होत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हीच आपली शिंदी शोभेसाठी रस्त्याकडेला आणि बागांत पैसे मोजून लावली जाते, एवढे आपल्या माहितीसाठी नमूद करतो.

कार्यपद्धतीविषयीही लिहिणे भाग आहे. कार्यालयात मला सांगण्यात आले की शिंदी ही गवताच्या जातीची असल्याने तिला झाड म्हणता येत नाही आणि म्हणून परवानगीचा प्रश्न येत नाही. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने ताड-माडांचे कूळ गवताला वडा-पिंपळापेक्षा जवळचे आहे, एवढे त्यात खरे आहे. पण केंद्राच्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतच ताड-माड वर्गाचा समावेश केलेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, ताड-माड वगळले गेले नाहीत. आपल्या राज्यात १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदाही आहे आणि त्यात झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेण्याची तरतूद आहे. अशी परवानगी मागितली होती का, मिळाली असल्यास तिची प्रत कुठे आहे, हे मी लेखी विचारले. अद्याप उत्तर आलेले नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या नोंदवहीत या ओळीची नोंद आहे का, हेही मला पाहायचे आहे.

सूचना लावली होती, असे आपण म्हणता. ती कार्यालयाच्या आतल्या फलकावर, फक्त कन्नडमध्ये आणि एका पानाची होती. भाषेचा वाद घालण्यासाठी हे लिहीत नाही. ज्यांच्या शेताला लागून काम होणार आहे त्यांच्यातील बरेच वृद्ध शेतकरी फक्त मराठी वाचतात, आणि जिथे भाषिक अल्पसंख्य लोक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे देशाने मान्य केलेले धोरण आहे. दोन्ही भाषांत सूचना लागली असती, तर हे पत्र फेब्रुवारीपूर्वीच आले असते आणि ती नऊ झाडे कदाचित वाचली असती.

नाल्याकाठी फुले हवीत, ही आपली इच्छा योग्यच आहे. त्यासाठी परदेशी झाडाकडे जाण्याची गरज नाही. ताम्हण आपल्याकडे मूळचाच आहे, पश्चिम घाटात ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठाने वाढतो आणि एप्रिलपासून त्याला जांभळ्या-गुलाबी फुलांचे तुरे येतात. महाराष्ट्राने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे, आणि कन्नडमध्ये त्याचे नावच ‘होळे दासवाळ’ म्हणजे नदीची जास्वंद असे आहे. दोन्ही भाषांनी ज्याला आपले म्हटले आहे आणि ज्याच्या कन्नड नावातच पाण्याचा काठ आहे, असे झाड या जागेसाठी शोधूनही दुसरे सापडणार नाही. शिंदीच्या दोन झाडांमध्ये जिथे मोकळी जागा आहे, तिथे ताम्हण लावावा. ज्या गावांच्या शेजारचे बेळगाव शहर आपले जुने नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचे गाव, असे सांगते, त्या गावांनी आपल्या काठावरच्या झाडांची एवढी ओळख ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. उरलेल्या १८ झाडांपैकी एकही तोडू नये, असा लेखी आदेश ठेकेदाराला तातडीने द्यावा आणि तो दोन्ही भाषांत पुलाजवळ लावावा. ३१ मेपूर्वी या एकाच विषयावर ग्रामसभा बोलवावी, तीत नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना आणि केरसुणी बांधणाऱ्या कुटुंबांना बोलण्याची संधी द्यावी आणि तोपर्यंत काठावर जेसीबी नेऊ नये. तोडलेल्या नऊ झाडांच्या परवानगीचे कागद गावासमोर ठेवावेत. विजेच्या तारांखाली फक्त वाळकी पाने उतरवावीत आणि शेंड्याला हात लावू नये. पुलाच्या रुंदीकरणासाठी एखादे झाड खरोखरच आड येत असेल, तर ते मुळांच्या गड्ड्यासह उचलून रिकाम्या झालेल्या नऊ जागांपैकी एकीवर लावावे. नारळाच्या कुळातल्या या झाडांना बुंध्यापासून नवी मुळे फुटत असल्याने काळजीपूर्वक काम केल्यास हे जमते. टॅबेबुयाची आणलेली रोपे वाया घालवू नयेत, ती बसस्थानकाच्या रस्त्याला आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला लावावीत. आणि शिंदीची ही ओळ, नर-मादी झाडांच्या संख्येसह, जैवविविधता नोंदवहीत लिहावी.

रिकाम्या झालेल्या जागांवर पुन्हा शिंदीच लावायची आहे, हे माझे म्हणणे मी स्वतःपासून सुरू करतो. ही झाडे फार सावकाश वाढतात, त्यांचे खोड मी पाहू शकेन असे मला वाटत नाही. तरी उरलेल्या पाच मादी झाडांची फळे या वर्षी पिकतील तेव्हा त्यांचे बी मी गोळा करून ठेवेन. रोपांच्या पिशव्या भरायला माझे जुने विद्यार्थी येणार आहेत. पंचायतीने त्यांच्यासाठी शाळेमागच्या मोकळ्या जागेत एक कोपरा आणि एक नळ द्यावा, एवढीच या कामासाठीची विनंती आहे.

आपला,
नाल्याकाठचा एक शेतकरी आणि निवृत्त शिक्षक
मार्कंडेय काठ, बेळगाव तालुका